महारेणूंचे अध्वर्यू : हेरमान स्टाउडिंगर

बारावीच्या परीक्षेनंतर ज्या विद्याशाखांची चर्चा घराघरांतून होते, त्यांत पॉलिमर व प्लॅस्टिक अभियांत्रिकी हे नाव आता अपरिचित राहिलेले नाही. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली स्थापन झाला, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली उभी राहिली आणि आज ‘सिपेट’ या नावाने ओळखली जाणारी केंद्रीय संस्था १९६८ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये निघाली. अशा टप्प्यांनी ही विद्या आपल्या देशात रुजत गेली. या शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते की, प्लॅस्टिक, रबर, कापूस, रेशीम या साऱ्यांचे रेणू म्हणजे हजारो अणूंच्या लांबच लांब साखळ्या होत. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. मात्र या एका विधानाला विद्यापीठांत मान्यता मिळावी म्हणून एका प्राध्यापकाला आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घालावी लागली. त्या प्राध्यापकाचे नाव हेरमान स्टाउडिंगर.

स्टाउडिंगर यांचा जन्म २३ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या वोर्म्स या प्राचीन नगरात झाला. त्यांचे वडील फ्रान्झ स्टाउडिंगर हे माध्यमिक विद्यालयात शिक्षक होते. कांटच्या तत्त्वज्ञानाचे ते व्यासंगी अभ्यासक होते आणि सहकारी चळवळीचे पुरस्कर्तेही होते. मुलाचा ओढा मात्र झाडापानांकडे होता. १८९९ साली शालेय शिक्षण संपवून विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकावे, असा त्याचा बेत होता. वडिलांनी त्याला वेगळा सल्ला दिला. वनस्पतींचे जीवन खऱ्या अर्थाने समजून घ्यायचे असेल, तर आधी रसायनशास्त्राचा पाया पक्का असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले. मुलाने ते मानले. काही काळापुरते म्हणून स्वीकारलेले रसायनशास्त्र त्याचे आयुष्य व्यापून राहिले. तरी मूळची ओढ सुटली नव्हती, हे पुढे दिसून येईल.

हाले, डार्मश्टाट आणि म्युनिक येथे शिक्षण घेऊन स्टाउडिंगर यांनी १९०३ साली हाले विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर स्ट्रासबुर्ग येथे योहानेस थीले यांच्या प्रयोगशाळेत काम करताना १९०५ साली त्यांना ‘कीटीन’ या अत्यंत क्रियाशील संयुगांच्या गटाचा शोध लागला. या एका शोधाने तरुण संशोधकाचे नाव युरोपभर झाले. १९०७ साली ते कार्ल्सरूए येथील तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. तेथेच त्यांनी कृत्रिम रबराचा कच्चा माल असलेल्या आयसोप्रीनवर काम केले आणि रबराच्या प्रश्नाशी त्यांची पहिली गाठ पडली. १९१२ साली झुरिकच्या संघीय तंत्रविद्यापीठाने त्यांना रिखार्ड विलश्टेटर यांच्या जागी पाचारण केले. वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी लाभलेला हा मान मोठा होता.

झुरिकमधील त्यांची प्रयोगशाळा नाना विषयांनी गजबजलेली असे. कीटकनाशक फुलांतील क्रियाशील द्रव्याचा त्यांनी लेओपोल्ड रुझिच्का यांच्यासह अभ्यास केला. महायुद्धामुळे मिऱ्याची आवक बंद पडली, तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेत मिऱ्याचा पर्याय तयार केला. भाजलेल्या कॉफीचा सुगंध कोणत्या द्रव्यांमुळे येतो, याचाही छडा त्यांनी ताडेउश राइखश्टाइन यांच्या साहाय्याने लावला. या दोन शिष्यांपैकी रुझिच्का यांना १९३९ साली आणि राइखश्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. गुरूला तो सन्मान मिळण्यासाठी मात्र आणखी काही वर्षे जावी लागली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात स्टाउडिंगर यांच्या स्वभावाचा आणखी एक पैलू जगासमोर आला. ते तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये राहत होते. मौन पाळले असते तर कोणी बोट ठेवले नसते. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा त्यांनी दोन्ही पक्षांच्या यंत्रशक्तीची तुलना मांडून जर्मनीला हे युद्ध जिंकणे अशक्य असल्याचे लिहिले आणि तहाचा मार्ग सुचवला. पुढे विषारी वायूंच्या वापराविरुद्धही त्यांनी लेखणी चालवली. आधुनिक तंत्रज्ञानाने युद्धाचे स्वरूपच पालटले असून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची जबाबदारी ओळखली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. जर्मनीच्या वायुयुद्धाचे सूत्रधार फ्रिट्झ हाबर हे त्यांचे कार्ल्सरूएमधील जुने सहकारी होते. हाबर यांना हे लेखन देशाच्या पाठीत वार केल्यासारखे वाटले आणि त्यांनी तसे सुनावलेही. स्टाउडिंगर मागे हटले नाहीत. या निर्भयपणाची किंमत पुढे त्यांच्याकडून दोनदा वसूल केली गेली.

युद्ध संपले तेव्हा स्टाउडिंगर यांचे वय चाळिशीकडे झुकले होते. कार्बनी रसायनशास्त्रातील पहिल्या फळीत त्यांची गणना होत होती. याच वेळी त्यांनी हळूहळू आपला सारा मोहरा एका दुर्लक्षित प्रश्नाकडे वळवला. रबर, कापसातील सेल्युलोज, स्टार्च, रेशीम यांची अंतर्गत रचना कशी असते, हा तो प्रश्न होता. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञाला शुद्ध, स्फटिकरूप आणि निश्चित तापमानाला वितळणारा पदार्थ प्रिय असे. चंबूच्या तळाशी चिकटून राहणारा डिंकासारखा गोळा म्हणजे फसलेल्या प्रयोगाची खूण समजली जाई आणि तो फेकून दिला जाई. रबरासारखे पदार्थ लहान लहान रेणूंचे बनलेले असून ते रेणू दुय्यम आकर्षणाने एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, असे सर्वसाधारण मत होते. रबराचे ख्यातनाम अभ्यासक कार्ल हारीस यांनी तर रबराचा रेणू म्हणजे एक छोटे कडे असल्याचे प्रतिपादन केले होते.

१९२० साली स्टाउडिंगर यांनी जर्मन रसायन संस्थेच्या नियतकालिकात बहुवारिकीकरणावर, म्हणजे लहान रेणू जोडले जाऊन मोठा पदार्थ बनण्याच्या क्रियेवर, एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील मुद्दा साधा होता. पुंजक्यांची आणि दुय्यम आकर्षणाची कल्पना करण्याची गरजच नाही. पाण्यातील किंवा साखरेतील अणूंना जखडून ठेवणारा जो नेहमीचा रासायनिक बंध, त्याच बंधाने शेकडो-हजारो लहान घटक एकामागोमाग एक जोडले जातात आणि लांब साखळी तयार होते. रबर, पॉलिस्टायरीन आणि फॉर्माल्डिहाइडपासून होणारे पॉलिऑक्सिमेथिलीन यांची सूत्रे त्यांनी याच रीतीने मांडली.

केवळ कल्पना मांडून ते थांबले नाहीत. १९२२ साली याकोब फ्रिची या सहकाऱ्यासह त्यांनी एक निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. रबरातील लहान रेणू दुहेरी बंधांच्या उरल्यासुरल्या आकर्षणाने एकत्र आले आहेत, असे विरोधी मत होते. ते खरे असेल, तर हायड्रोजनची क्रिया घडवून दुहेरी बंध नाहीसे करताच पुंजका मोडला पाहिजे आणि हाती सहज उडून जाणारे हलके तेल आले पाहिजे. प्रत्यक्षात हायड्रोजन मिळवलेले रबरही मूळ रबरासारखेच दाट द्रावण देणारे राहिले. आकर्षणाचे मानलेले कारण दूर झाले, तरी पदार्थ विखुरला नाही. म्हणजेच जोड खऱ्या रासायनिक बंधांची होती. या निबंधात अशा प्रचंड रेणूंना त्यांनी ‘मॅक्रोमॉलिक्यूल’, म्हणजे महारेणू, हे नाव दिले.

हे नाव विद्वानांच्या पचनी पडले नाही. त्यांच्या आक्षेपांना आधार होता, हेही येथे सांगितले पाहिजे. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना पाहण्याचे तंत्र तेव्हा नवे होते. सेल्युलोजच्या स्फटिकातील पुन्हा पुन्हा येणारा मूळ घटक त्या तंत्राने अगदी लहान दिसत होता, आणि रेणू त्या घटकापेक्षा मोठा असू शकत नाही, अशी अनेकांची समजूत होती. पुढे नोबेल मिळवणारे हाइनरिख वीलांड हे स्टाउडिंगर यांचे हितचिंतक. त्यांनीही मैत्रीच्या नात्याने बजावले की, एवढे मोठे रेणू असूच शकत नाहीत. रबर नीट शुद्ध केले तर त्याचेही स्फटिक मिळतील. तेव्हा हा नाद सोडावा. झुरिक सोडण्यापूर्वी तेथील रसायनशास्त्रज्ञांपुढे दिलेल्या व्याख्यानातही स्टाउडिंगर यांना कडव्या विरोधाला तोंड द्यावे लागले.

१९२६ साली ते वीलांड यांच्याच जागी फ्रायबुर्ग विद्यापीठात आले. मात्र नेमणुकीपूर्वी युद्धकाळातील लेखनाबद्दल त्यांच्याकडे विचारणा झाली आणि त्यांना खुलासा द्यावा लागला. ही झाली पहिली वसुली. त्याच वर्षी ड्यूसेलडॉर्फ येथे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्यांच्या संमेलनात या विषयावर उघड चर्चा झाली. माक्स बेर्गमान यांच्यासारखे मातब्बर वक्ते लहान रेणूंच्या बाजूने बोलले. स्टाउडिंगर यांनी आपले सारे प्रयोग एकामागून एक पुढे ठेवले. हेरमान मार्क या तरुण शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा पुरावा महारेणूंच्या विरोधात जात नसल्याचे दाखवले. लांब रेणू अनेक मूळ घटकांतून आरपार जाऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ होता. सभेचा कौल एका दिवसात फिरला नाही, परंतु विरोधाची धार तेव्हापासून बोथट होऊ लागली.

फ्रायबुर्गच्या प्रयोगशाळेत कामाला शिस्त आली. निसर्गातले पदार्थ गुंतागुंतीचे असल्यामुळे स्टाउडिंगर यांनी त्यांची सोपी प्रतिरूपे निवडली. सेल्युलोजसाठी पॉलिऑक्सिमेथिलीन आणि रबरासाठी पॉलिस्टायरीन घेऊन, साखळीची लांबी क्रमाने वाढवत नेली असता गुणधर्म कसे बदलतात, हे त्यांनी तपासले. सेल्युलोज किंवा स्टार्चवर रासायनिक क्रिया करून त्याचे दुसरे संयुग बनवायचे आणि साखळीतील घटकांची संख्या तीच राहते काय हे पाहायचे, ही त्यांची आणखी एक कसोटी. संख्या कायम राहिली. सैल पुंजका असता, तर प्रत्येक क्रियेनंतर तो निराळ्या आकाराचा झाला असता.

साखळीची लांबी मोजण्याचा प्रश्न शिल्लक होता. स्वीडनमधील उप्साला येथे स्वेडबेर्य यांनी तयार केलेले अतिवेगवान अपकेंद्री यंत्र हे काम करू शकत होते, पण ते फार खर्चाचे होते. स्टाउडिंगर यांनी काचेच्या बारीक नळीतून द्रावण वाहण्यास किती वेळ लागतो, एवढेच मोजले. साखळी जितकी लांब तितके द्रावण दाट, आणि जितके दाट तितका वेळ अधिक. या निरीक्षणावरून १९३० च्या सुमारास त्यांनी श्यानता आणि रेणुभार यांचा संबंध सूत्रात बांधला. आजही पॉलिमर अभियांत्रिकीचा विद्यार्थी प्रयोगशाळेत हातात घड्याळ घेऊन त्याच जातीच्या नळीतून द्रावण वाहू देतो. पाण्याच्या बाटलीसाठी लागणाऱ्या पॉलिएस्टरची प्रत ठरवतानाही श्यानतेचाच आधार घेतला जातो. साखळी आखूड राहिली तर बाटली ठिसूळ होते. फार लांब झाली तर वितळलेला माल साच्यात नीट वाहत नाही. या शाखेतील पुष्कळशी अभियांत्रिकी या दोन टोकांमधला मेळ घालण्याची आहे.

स्टाउडिंगर यांचे सारेच बरोबर होते, असे मात्र नाही. महारेणू ताठ काडीसारखे असतात, असा त्यांचा दीर्घकाळ आग्रह होता. प्रत्यक्षात बहुतेक साखळ्या लवचीक असून द्रावणात त्या दोऱ्याच्या गुंत्यासारख्या राहतात. मार्क आणि इतर संशोधकांनी हे दाखवून दिले, आणि श्यानतेच्या सूत्रातही त्यानुसार सुधारणा झाली. विरोधाशी दीर्घकाळ झुंजलेला हा माणूस स्वतःच्या मताबाबतही तितकाच हट्टी निघाला. परंतु मुख्य सिद्धांत अभंग राहिला. अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांनी माहितीतल्या लहान रेणूंची एकेक जोड घडवून साखळ्या बांधल्या, आणि त्यातून १९३५ साली नायलॉन जन्माला आले. महारेणू हवे तसे घडवता येतात, याचा याहून बोलका पुरावा नव्हता.

विज्ञानातील विरोध असा मावळत असतानाच दुसरी वसुली सुरू झाली. १९३३ साली जर्मनीत नाझी सत्ता आली आणि तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी स्टाउडिंगर यांच्याविरुद्ध गुपचूप तक्रार केली. महायुद्धकाळातील लेखन आणि स्विस नागरिकत्व हे देशद्रोहाचे पुरावे म्हणून पुढे करण्यात आले. गुप्त पोलिसांनी चौकशी केली आणि स्टाउडिंगर यांना राजीनाम्याच्या कागदावर सही करावी लागली. तो कागद त्यांच्या डोक्यावर टांगत ठेवला गेला आणि काही महिन्यांनी परत देण्यात आला. खुर्ची राहिली, पण त्यासाठी नमते घ्यावे लागले. राष्ट्राच्या स्वावलंबनासाठी रसायनशास्त्र किती मोलाचे आहे, असे लेख त्यांना लिहावे लागले आणि परदेशप्रवासाची दारे मिटली. एकेकाळी हाबर यांच्यासारख्या बलाढ्य व्यक्तीला न डगमगता उत्तर देणाऱ्या या माणसाने या वेळी तडजोड केली. त्यांच्या चरित्रातील हा भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. प्रयोगशाळा आणि विद्यार्थी यांना वाचवण्याचा तो मार्ग होता, आणि तो सुखाचा नव्हता.

१९४० साली फ्रायबुर्ग येथे त्यांनी केवळ महारेणूंच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था स्थापन केली. युरोपातील ती अशी पहिलीच संस्था होती. २७ नोव्हेंबर १९४४ च्या रात्री विमानहल्ल्यात फ्रायबुर्ग शहर बेचिराख झाले, आणि त्यात स्टाउडिंगर यांच्या संस्थेचीही राखरांगोळी झाली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना पुन्हा ओनाम्यापासून सुरुवात करावी लागली. युद्ध संपल्यावर, १९४७ साली त्यांनी महारेणूंच्या रसायनशास्त्रासाठी नियतकालिक चालू केले आणि १९५१ साली प्राध्यापकपदावरून ते निवृत्त झाले. इकडे मार्क यांनी अमेरिकेत स्थलांतर करून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पॉलिटेक्निकमध्ये १९४६ साली पॉलिमर संशोधन संस्था उभारली होती. जो विषय रसायनशास्त्राच्या दारात उभा करून घेतला जात नव्हता, त्याचे आता स्वतंत्र वर्ग भरू लागले. ज्या रेणूंचे अस्तित्वच नाकारले जात होते, त्यांच्यावर विद्यार्थी पदव्या मिळवू लागले.

१९५३ साली स्टाउडिंगर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते, आणि त्यांच्या मूळ निबंधाला तेहेतीस वर्षे लोटली होती. डीएनए या जीवनाच्या महारेणूची दुहेरी सर्पिल रचना प्रसिद्ध झाली तीही त्याच वर्षी.

या योगायोगाला एक जुना धागा आहे. फ्रायबुर्गला आल्यानंतरच्या काळात स्टाउडिंगर यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या पत्नी माग्दा या मूळच्या लाटव्हियातील आणि विद्येने वनस्पतिशास्त्रज्ञ. त्या पुढे त्यांच्या सर्व कार्यात बरोबरीच्या सहकारी झाल्या. वनस्पतींतील तंतू आणि पेशी यांच्याकडे महारेणूंच्या दृष्टीने पाहण्याचे काम दोघांनी मिळून केले. १९४७ साली स्टाउडिंगर यांनी महारेणूंचे रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांची सांगड घालणारा ग्रंथ लिहिला. सजीवांचे व्यवहार या प्रचंड रेणूंच्या रचनेवर आधारलेले आहेत, हे त्यांनी त्यात आग्रहाने सांगितले. वनस्पती समजून घेण्यासाठी आधी रसायनशास्त्र शिक, असे वडिलांनी मुलाला सांगितले होते. तो मुलगा साठी उलटल्यावर मूळ मुक्कामी पोहोचला.

८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्रायबुर्ग येथे हेरमान स्टाउडिंगर यांचे निधन झाले. माग्दा यांनी पतीचे विचारधन पुढेही जपले. १९९९ साली अमेरिकन आणि जर्मन रसायन संस्थांनी फ्रायबुर्ग येथील त्यांच्या कार्यस्थळाला रसायनशास्त्राच्या ऐतिहासिक स्थळाचा मान दिला.

आज प्लॅस्टिकमुळे उभ्या राहिलेल्या प्रश्नांचा विचार जगभर चालू आहे. कचऱ्यात टाकलेली पिशवी वर्षानुवर्षे का टिकते, याचे उत्तर स्टाउडिंगर यांनी सांगितलेल्या त्या मजबूत बंधांतच आहे, आणि ते बंध हवे तेव्हा कसे सोडवावेत, हे शोधण्याचे काम या शाखेत येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांपुढे आहे. त्यांनाही कधी जाणते लोक अमुक होणे शक्य नाही असे सांगतील. अशा वेळी चढ्या आवाजाच्या वादाऐवजी आणखी एक नेटका प्रयोग करावा, हा फ्रायबुर्गच्या या अध्यापकाचा मार्ग त्यांना उपयोगी पडेल.